ऐपत आणि ऐट

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आपल्यासारख्यांच्या घरात एक हिशेब मांडला जातो. कागदावर तो क्वचितच उतरतो. बहुधा रात्री जेवणे आटोपल्यावर, मुले झोपली असे समजून, हलक्या आवाजात तो चालतो. आणि मुले अर्थातच झोपलेली नसतात. थोरल्याला पँट हवी, धाकटीचे परकर-पोलके शिवायचे, सासूबाईंना लुगडे घेतलेच पाहिजे, नणंदेला साडी द्यायची की पाकीट, हे ठरायचे असते. या सगळ्यातून जे उरेल त्यात घरधनीण स्वतःसाठी 'काहीतरी' बघणार असते. हे काहीतरी म्हणजे एखादा खण, नाहीतर बांगड्या, नाहीतर मोत्यांच्या कुड्या. मोती कसले म्हणा, मण्यांच्याच. आणि गंमत अशी, की तेवढ्याशा वस्तूने ती पाडव्याला अशी काही खुलून दिसते, की जिन्यावरून उतरताना शेजारीण दुसरीला म्हणते, "ऐपत नाही, पण ऐट बघा!"

या वाक्याचा मला फार दिवसांपासून राग आहे. पण राग येणे हा काही युक्तिवाद नव्हे. ज्या अर्थी चांगल्या बायकादेखील हे वाक्य बोलतात त्या अर्थी त्यात काहीतरी असले पाहिजे, असे समजून मी त्याचा विचार करू लागले. तेव्हा ध्यानात आले की या एवढ्याशा वाक्यात दोन आरोप दडलेले आहेत. नटणे हे पोकळ मनाचे लक्षण आहे, हा एक. आणि ऐपतीपेक्षा चांगले दिसणे हा खोटेपणा आहे, हा दुसरा.

पहिल्याचा निकाल मी थोडक्यात लावते. 'साधी राहणी, उच्च विचारसरणी' अशी पाटी बऱ्याच शाळांच्या भिंतीवर असते, तशी आमच्याही आहे. ती शाळेला ज्यांनी भेट दिली ते गृहस्थ समारंभाला ज्या गाडीतून आले, तिच्याभोवती मुलांनी तासभर फेर धरला होता. असो. ज्याच्या मनात काही आहे त्याने केसांना तेल लावले म्हणून ते वाहून जात नाही, आणि ज्याच्या मनात काही नाही त्याने केस पिंजारले म्हणून तेथे विचार उगवत नाहीत.

दुसरा आरोप मात्र असा झटकून टाकता येत नाही. आपल्याजवळ नाही ते आहे असे दाखवणे हे असत्य नव्हे काय?

या प्रश्नावर बोलताना मोपासाँची कंठहाराची गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. १८८४ साली प्रसिद्ध झालेली ही फ्रेंच कथा आपल्याकडे पाठ्यपुस्तकांतून आणि भाषांतरांतून पुष्कळांनी वाचली असेल. माथिल्द ही एका कारकुनाची सुंदर बायको. नवऱ्याच्या खात्याच्या मंत्र्याकडे मेजवानीचे आमंत्रण येते. नवऱ्याने बंदुकीसाठी साठवलेले चारशे फ्रँक तिच्या नव्या झग्यात जातात. मग दागिना नाही म्हणून ती श्रीमंत मैत्रिणीकडून हिऱ्यांचा कंठा उसना आणते, आणि तो त्या रात्री हरवतो. मैत्रिणीला काही न सांगता छत्तीस हजार फ्रँकांचा तसाच कंठा घेऊन परत केला जातो, आणि ते कर्ज फेडता फेडता दहा वर्षे धुणीभांडी करून तिचे रूप झडून जाते. शेवटी कळते की मूळ कंठा नकली होता, फार तर पाचशे फ्रँकांचा.

वर्गात ही गोष्ट शिकवली की तात्पर्य ठरलेले असते: नटण्याची हौस वाईट. मला हे तात्पर्य पटत नाही. या कथेत एक बारीकशी जागा आहे, तिच्यावरून आपण भरभर पुढे जातो. दागिना नाही म्हणून माथिल्द रडकुंडीला येते तेव्हा तो भाबडा नवरा सुचवतो, की खरी फुले माळ. या दिवसांत ती शोभतात आणि दहा फ्रँकांत दोन-तीन सुरेख गुलाब मिळतील. ती ते झिडकारते. श्रीमंत बायकांत दरिद्री दिसण्यासारखी नामुष्की नाही, असे तिचे म्हणणे. ती गुलाब माळून गेली असती तरी नटलीच असती, आणि तिच्या रूपाला ते शोभलेही असते. म्हणजे तिचे चुकले ते नटण्यात नव्हे. जो दागिना आपला नाही त्याच्या आडून स्वतःला दुसरेच कोणी म्हणून उभे करण्यात चुकले. आणि खरा घात झाला तो कंठा हरवल्यावर. "बाई ग, हरवला," असे तीन शब्द मैत्रिणीजवळ बोलली असती तर दहा वर्षे वाचली असती. असत्य गळ्यात नव्हते, जिभेवर होते.

मला वाटते, ही कसोटी आपल्याकडेही चालेल. हल्ली 'एक ग्रॅम'च्या दागिन्यांची दुकाने गल्लोगल्ली झाली आहेत. वर सोन्याचा मुलामा, आत दुसरा धातू. लग्नसराईत निम्म्या मांडवाच्या गळ्यात असल्या मोहनमाळा आणि ठुश्या असतात. ज्या घालतात त्यांना ते ठाऊक असते, ज्या पाहतात त्यांनाही. जेथे दोन्ही पक्षांना ठाऊक आहे तेथे फसवणूक कोणाची? उलट "कितीला ग? कुठे मिळाली?" म्हणून पत्ते विचारले जातात. चाळींतून तर एकीचा तन्मणी चार घरच्या लग्नांत मिरवून येई आणि त्याचे कोणाला काही वाटत नसे. शेजारधर्मच होता तो. पण हीच मोहनमाळ मुलगी दाखवण्याच्या वेळी सोन्याची म्हणून सांगितली, की ती तत्क्षणी खोटी होते. आणि कर्ज काढून घेतलेली खऱ्या सोन्याची माळ, जिचे हप्ते मुलाच्या फीमधून जाणार आहेत, ती माझ्या मते एक ग्रॅमच्या माळेहून अधिक खोटी आहे.

आता ऐपतीतल्या ऐटीचे तंत्र काय, ते सांगते. यात मी काही मोठी जाणकार नाही. पण शाळेत वीस वर्षे रोज पाचशे डोळ्यांसमोर उभे राहायचे आणि महिन्याचा पगार मोजका, या दोन गोष्टींनी माणूस पुष्कळ शिकतो. सारे तंत्र एका प्रश्नात आहे: ही वस्तू घरी आली तर आणखी काय मागेल? काही वस्तू आल्या की मागत सुटतात. मोरपंखी चप्पल घेतली की तिला जुळती पर्स हवी, पर्स झाली की साडी हवी. अठराव्या शतकातला दनी दिद्रो हा फ्रेंच विचारवंत या फेऱ्यात सापडला होता. त्याला एक भारी लाल झगा मिळाला, आणि त्या झग्यापुढे खोलीतली एकेक वस्तू दरिद्री दिसू लागली. गवती बैठकीची खुर्ची गेली, कातडी खुर्ची आली. साधी फळी गेली, भिंतीवरची चित्रे गेली, टेबल गेले. १७६९ साली त्याने आपल्या जुन्या झग्याच्या आठवणीने एक निबंधच लिहिला. त्या जुन्या झग्याला तो लेखणी पुसत असे, पुस्तकावरची धूळ झटकत असे, आणि कोणाची भीती नसे.

याच्या उलट जातीच्या वस्तू असतात. त्या काही मागत नाहीत, देतच राहतात. काळे पोलके घ्या. साध्या काळ्या सुताचे, काठ नसलेले. ते सहा साड्यांना चालते. पिवळीवर चालते, हिरवीवर चालते, पांढऱ्या सुती साडीवर तर असे दिसते की साडीचाच भाव वाढतो. मोत्यांच्या कुड्या रेशमालाही शोभतात आणि सुतालाही, शाळेलाही आणि बारशालाही. ठुशी एक असली की दुसऱ्या हाराची आठवण होत नाही. खणाचे पोलके साध्या साडीला सणाची करते. एक करड्या किंवा किरमिजी रंगाची शाल थंडीत शाल असते, प्रवासात पांघरूण, आणि घरी कोणी अचानक आले तर खुर्चीवरचा फाटका भाग झाकायलाही उपयोगी पडते. पुरुषांचे म्हणाल तर एक पांढरा सदरा, नीट धुतलेला आणि कॉलर न चुरगळलेला. बाकी त्यांना काही सांगण्यात अर्थ नसतो.

आणि वहाणा! कोल्हापुरी वहाणेइतकी सर्वांशी पटवून घेणारी वस्तू माझ्या पाहण्यात नाही. धोतराला चालते, पँटला चालते, नऊवारीला चालते, कॉलेजातल्या मुलींच्या जीन्सलाही चालते. झिजली तर तळ लावता येतो. २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोहोंच्या नावे तिला भौगोलिक मानांकन मिळाले. पुढे जून २०२५ मध्ये इटलीत मिलान येथे एका बड्या कंपनीने आपल्या प्रदर्शनात तशाच वहाणा आपल्या म्हणून मांडल्या. इकडून ओरड झाली तेव्हा भारतीय कारागिरीवरून हे सुचल्याचे कंपनीने कबूल केले. ही बातमी आमच्या शिक्षकांच्या खोलीत वाचली गेली तेव्हा सगळ्यांनी एकदम आपल्या पायांकडे पाहिले.

आपल्या आज्यांना हे तंत्र शिकवावे लागले नव्हते. नऊवारी लुगडे मध्यावर विरले की विरलेला भाग कापून दोन्ही चांगली टोके जोडीत. त्याला दंड घालणे म्हणत. दंडाचे लुगडे नेसण्यात कमीपणा नसे. दंड निऱ्यांत कसा लपवायचा, हे मात्र कसब असे. तेही विरले की काठाकडच्या भागाचा नातीला परकर होई, मऊ झालेल्या भागाची तान्ह्याला दुपटी आणि कुंची. मग गोधडी, आणि गोधडीही गेली की पोतेरे. संक्रांतीची काळी चंद्रकळा अशी शेवटी चुलीजवळ पोहोचेपर्यंत घरातल्या चार पिढ्यांच्या अंगाला लागलेली असे. इरकलीचा पदर घट्ट विणीचा, अंग विरले तरी तो टिके. मग त्याची पिशवी किंवा पोलके होई. गरिबी त्या घरांत होतीच. पण गोधडीत कोणता तुकडा कोणाशेजारी लावायचा याचा विचार करणारी ती म्हातारी केवळ गरजेपोटी तो विचार करीत नव्हती. थंडी कोणत्याही तुकड्याने भागली असती.

येथवर सारे गोड आहे. पण नीतीचा प्रश्न खरा कडू होतो तो पुढे. गरिबाने गरीब दिसावे, अशी जगाची अपेक्षा असते, आणि ती पुरी झाली नाही तर जग दंड करते.

काही वर्षांपूर्वी गरजू मुलांना वह्या-पुस्तकांची मदत देण्यासाठी एक मंडळी आमच्या शाळेत येत असत. पालकांना बोलावून दोन शब्द विचारायचे, नाव लिहायचे. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई आली. चार घरी पोळ्या करणारी. तिने खळ दिलेली सुती साडी नेसली होती, कानात कुड्या होत्या, अंबाड्यावर अबोलीची वेणी. मोठ्या माणसांपुढे जायचे म्हणून ती नीट होऊन आली होती. ती गेल्यावर मंडळींतले एक गृहस्थ म्हणाले, "बाई गरजू वाटत नाहीत." नाव यादीत आले नाही. मी घरची परिस्थिती सांगितली, त्यांनी ऐकून घेतले, आणि यादी झाली आहे म्हणाले.

पुढल्या वर्षी बोलावणे गेले तेव्हा ती आदल्या दिवशी शाळेत येऊन मला विचारू लागली, "बाई, उद्या मी तशीच येऊ का, कामावरून? पिठाच्या हातानं?"

मी म्हटले, "नेहमी येता तशाच या." पण असे सांगताना मला हेही ठाऊक होते, की पैसे गेले असते ते तिचे, माझे नव्हे. दुसऱ्याच्या खर्चाने स्वाभिमान शिकवणे फार सोपे असते. ती आली. कुड्या होत्या, साडी स्वच्छ होती. वेणी मात्र माळलेली नव्हती. त्या वर्षी नाव लागले. वेणीमुळे की आणखी कशामुळे, देव जाणे.

त्या न माळलेल्या वेणीचा मला आजही उलगडा करता आलेला नाही. तिने काय दिले आणि काय राखले? पुस्तकांसाठी वेणी सोडणे यात काही वावगे नाही. कोणतीही आई सोडील. वावगे आहे ते मागणाऱ्यात. ज्याला मदत करायची त्याची गरज कागदावर, पगारावर, खाणाऱ्या तोंडांवर न जोखता त्याच्या चुरगळलेपणावर जोखायची, म्हणजे मदतीची किंमत म्हणून त्याच्या चेहऱ्यावरची शेवटची चमक मागून घ्यायची. आणि त्या मंडळींना आपण काही मागितले आहे, याची जाणीवही नव्हती.

ही मागणी काही नवी नाही. आपल्या देशात ती शतकानुशतके नियम म्हणून चालली. कोणी काय नेसावे, कोणत्या धातूचे ल्यावे, लुगडे कुठवर असावे, हे जातीवर ठरे. त्रावणकोरात नाडर स्त्रियांना अंगाचा वरचा भाग झाकण्याची मुभा मिळायला कित्येक वर्षांचा झगडा आणि १८५९ सालचा जाहीरनामा लागला. महाराष्ट्रात या बाबतीत मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते ते डिसेंबर १९२७ मधले महाडचे भाषण. सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे होते. मनुस्मृतीचे दहन झाले ती हीच परिषद. त्या वेळी जमलेल्या स्त्रियांशी ते वेगळे बोलले, आणि बोलले ते लुगड्याबद्दल आणि दागिन्यांबद्दल. तुमची लुगडे नेसण्याची रीत ही तुमच्या अस्पृश्यपणाची खूण झाली आहे, ती बदला, असे त्यांनी सांगितले. गळ्यात अनेक गळसऱ्या आणि हातात कोपरापर्यंत कथलाचे-चांदीचे गोठ, हीही खूणच. एक गळसरी पुरे. असल्या दागिन्यांपेक्षा पैसा कपड्यावर खर्च करा, आणि स्वच्छ राहा. स्त्रियांनी लुगडे नेसण्याची रीत त्यानंतर लगेच बदलली, अशी नोंद आहे.

मोठमोठ्या प्रश्नांनी भरलेल्या परिषदेत एवढा विद्वान माणूस गळसरी किती असाव्यात हे सांगतो, याचे प्रथम आश्चर्य वाटते. मग कळते की तो प्रश्नही तितकाच मोठा होता. थोड्या पैशात काय ल्यावे याचा तो सल्ला होता आणि 'आम्ही कोण हे आमच्या कपड्यांवरून दुसऱ्याने ठरवायचे नाही' अशी ती घोषणाही होती.

येथे कोणी गांधीजींचे नाव घेईल. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला त्यांनी पंचा पत्करला तो जन्मभर. पण याच गांधीजींनी तरुणपणी लंडनमध्ये बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा सूट शिवला होता, एकोणीस शिलिंगांची उंच हॅट घेतली होती, आणि आरशासमोर उभे राहून टाय बांधीत असत. हे त्यांनीच आत्मकथेत मोकळेपणाने सांगितले आहे. ज्याने सूट घालून पाहिला आहे त्याने तो उतरवणे हा त्याग. आंबेडकरांनी सूट चढवला आणि उतरवला नाही, कारण त्यांच्या माणसांना तो कधी चढवूच दिला नव्हता. मला दोघांचेही कपडे पटतात. पटत नाही तो तिसरा मनुष्य, ज्याचे कपाट भरलेले आहे आणि जो पोळ्या करणाऱ्या बाईच्या अबोलीकडे बोट दाखवून साधेपणाची थोरवी सांगतो.

एक गोष्ट मात्र मला छळते आणि तिचे उत्तर मजजवळ नाही. अलीकडे कपडा फार स्वस्त झाला आहे. मोबाइलवर बोट टेकले की दोन-तीनशे रुपयांत कुडता घरी येतो. ऐपत नसलेल्यांची ऐट झाली, म्हणून मी आनंदित व्हायला हवी. पण हा कुडता चार धुण्यांत झोळणा होतो, त्याला दंड घालता येत नाही, त्याची गोधडी होत नाही. आणि तो इतका स्वस्त कसा, हा प्रश्न राहतोच. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावार येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली. तिच्यात परदेशी दुकानांसाठी कपडे शिवणारे कारखाने होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले, तेव्हा खालची बँक बंद झाली. शिवणाऱ्यांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले गेले. अकराशेहून अधिक माणसे मेली. त्यांत पुष्कळशा बायका होत्या, आणि आपापल्या ऐपतीत नीट दिसण्याची हौस त्यांनाही असणारच. माझी थोडक्यातली ऐट कोणाच्या पोटाला चिमटा काढून तर आलेली नाही ना, हे दुकानात उभे राहून कळत नाही. फळ्यावर हिशेब सोडवता येतो तसा हा सोडवता येत नाही.

निदान एवढे दिसते, की जेथे शिवणारा हात आपल्या ओळखीचा आहे तेथेही आपण घासाघीस करतो. मोठ्या दुकानात छापील किंमत निमूटपणे मोजतो, आणि गल्लीतल्या शिवणवाल्या बाईकडे पोलक्याच्या शिलाईत वीस रुपये कमी कर म्हणून दहा मिनिटे उभ्या राहतो. आमच्या गल्लीतल्या बाईंना यंदा मी नवरात्रातच खणाचे कापड नेऊन दिले, मागतील ती शिलाई कबूल केली, आणि वसुबारसेला आणायला गेले. त्यांच्याकडे पोलक्यांचा ढीग पडला होता, मशीन चालू होते, दोन्ही मुली खाली बसून हूक लावीत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "ताई, तुमचं आता भाऊबीज झाल्यावरच हो."

तेव्हा पाडव्याला काळेच पोलके आहे.